पंचवीस आरातला सुमात्रा

चंद्रपूरच्या माणसाला लंडनमध्ये आणून, वर तिकीट काढून वाघ दाखवायचा म्हणजे काय, हे आमच्या बाबांना विचारा. "ऊर्जानगरात फुकट दिसते वं माय," असं ते रांगेत उभं राहून खणखणीत आवाजात म्हणाले. मराठीत म्हणाले म्हणून बरं. त्यांचं खोटं नव्हतं म्हणा. बाबांची सगळी नोकरी चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात गेली आणि माझं बालपण तिथल्या वसाहतीत. आवाराला लागून झुडपी जंगल, पलीकडे कोळसा खाणी, त्यापुढे ताडोबा. वाघ त्या आवारात येतो, मुक्काम ठोकतो. २०२२ मध्ये त्यानं तिथे एका कामगाराला मारलं. 'चला, वाघ बघायला जाऊ' हे वाक्य आमच्या घरात कधी नव्हतंच. असायचं ते 'दिवेलागणीच्या आत घरी ये'.

तरी मी त्यांना नेलं, कारण मला त्यांचं मत हवं होतं. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. शाळांची मैदानं, इमारतींमधली मोकळी जागा, एखाद्या दवाखान्याची बाग यांचे आराखडे काढते. वाघाची जागा आखायचं काम माझ्याकडे कधी आलं नाही, येण्याची शक्यताही नाही. पण लंडन झूमधला सुमात्रन वाघांचा भाग, 'टायगर टेरिटरी', माझ्या पेशातल्या लोकांना बघावाच लागतो. आणि तो बघताना मला कायम वाटायचं, की हा आराखडा तपासायला ज्यानं वाघाच्या शेजारात तीसेक वर्षं काढलीत असा माणूस हवा.

रीजेंट्स पार्कच्या कडेला छत्तीस एकरांत हे प्राणिसंग्रहालय १८२८ पासून आहे. तिथे फिरताना प्राण्यांइतकीच मी पिंजऱ्यांच्या फॅशनी बघते. १९१४ च्या सुमाराचा मॅपिन टेरेसेस नावाचा काँक्रीटचा डोंगर आहे. आतून पोकळ, आणि त्या पोकळीत खालच्या, आता बंद झालेल्या मत्स्यालयाच्या पाण्याची सोय केलेली. १९३४ चा, वास्तुकार ल्युबेटकिनचा पेंग्विन पूल आहे. एकमेकींत गुंफलेल्या दोन पांढऱ्याशुभ्र काँक्रीटच्या घसरगुंड्या, पातळ, तरंगत्या. वास्तुकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं त्याचा फोटो पाहिलेला असतो. आज ती संरक्षित वास्तू आहे, पहिल्या श्रेणीची. फक्त पेंग्विन तिथे नाहीत. काँक्रीटवर चालून त्यांच्या पायांना त्रास व्हायला लागला आणि २००४ मध्ये त्यांना दुसरीकडे हलवलं. इमारत इतकी थोर की पाडता येत नाही, आणि इतकी बिनकामाची की ज्याच्यासाठी बांधली तो तिथे राहू शकत नाही. माझ्या पेशातल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा त्या रिकाम्या तळ्यापाशी जाऊन उभं राहावं, असं माझं मत आहे. बाबांना तो पाहून काही वाटलं नाही. "कूलिंग टॉवरचं हौदच हाय," म्हणाले आणि पुढे गेले.

टायगर टेरिटरी उघडली मार्च २०१३ मध्ये. खर्च छत्तीस लाख पौंड. उद्घाटनाला प्रिन्स फिलिप. आता याच गृहस्थांनी जानेवारी १९६१ मध्ये, राणीच्या भारत दौऱ्यात, जयपूरच्या महाराजांचे पाहुणे असताना वाघ मारला होता; आणि त्याच वर्षी ते वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या ब्रिटिश शाखेचे पहिले अध्यक्षही झाले. बाबांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. त्यांच्या लहानपणी चांदा जिल्ह्यात शिकारीचे परवाने निघायचे. शिकार करणारे आणि वाघ वाचवा म्हणणारे पुष्कळदा एकाच जीपमधून उतरायचे, त्यात नवल ते काय, असा त्यांचा चेहरा.

जागा किती, तर अडीच हजार चौरस मीटर. आधीच्या पिंजऱ्याच्या पाचपट, असं तेव्हा अभिमानानं सांगितलं गेलं. बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे सातबाऱ्यावर पंचवीस आर. पाऊण एकरबी नाही."

इथे मला थांबून बोलायचंय, कारण 'नैसर्गिक अधिवास' हा शब्द प्राणिसंग्रहालयांच्या प्रत्येक फलकावर असतो आणि त्याची नीट तपासणी कुणी करत नाही. या प्रकाराची मुळं दोन. पहिलं, जर्मनीतला कार्ल हागेनबेक. प्राण्यांचा व्यापारी माणूस. त्यानं १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगेनला गज काढून टाकले आणि त्यांच्या जागी खंदक खणले. लोकांना वाटलं, सिंह मोकळाच उभा आहे. दुसरं, अमेरिकेत सिॲटलचं वुडलँड पार्क झू. तिथे १९७० च्या दशकाअखेरी गोरिलांसाठी अशी जागा केली की बघणारा माणूसच झाडीत शिरतो. प्राण्याची झाडी आणि आपली झाडी एकच वाटते, मधली हद्द नजरेला सापडत नाही. माझ्या पेशात तेव्हापासून हीच शैली चालते.

दोन्ही कल्पना मुख्यतः आपल्या डोळ्यांसाठी आहेत, हे मान्य करायला हवं. गज दिसले की आपल्याला अपराधी वाटतं, झाडी दिसली की वाटत नाही. लंडनमध्ये 'सुमात्रा' उभा करायचा तर खरी सुमात्रातली झाडं पहिल्याच डिसेंबरात मरतील. मग आम्ही काय करतो, तर तसा भास देणारी झाडं लावतो: थंडी सोसणारे बांबू, मोठ्या हातासारख्या पानांची फॅट्सिया, चिनी डोंगरातला पंख्यासारख्या झावळ्यांचा ताड. माणूस बघतो आणि म्हणतो, 'वा, जंगल!' वाघाला त्या पानाचं मूळ गाव कोणतं, याच्याशी देणंघेणं नाही. त्याला त्याच्यामागे बसता येतं का, एवढंच त्याला हवं. त्यावर इंडोनेशियन थाटाची सजावट केलेली असते, ती तर शंभर टक्के आपल्यासाठी. नाटकाचं नेपथ्य आहे ते. मला त्याचा राग येत नाही, पण त्याला अधिवास म्हणू नये.

मग वाघासाठी काय? इथे मला स्वित्झर्लंडचा हाइनी हेडिगर आठवतो, झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाचा संचालक होता. तो म्हणायचा की रानातलं जनावर मनाला येईल तिथे भटकत नसतं. त्याची झोपायची जागा ठरलेली, पाण्याची ठरलेली, नखं काढायचं झाड ठरलेलं, वास सोडायच्या जागा ठरलेल्या, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वाटाही ठरलेल्या. म्हणून नुसती लांबी-रुंदी मोजू नका, त्या जागेत काय काय आहे ते मोजा. हे वाचल्यावर मला प्लॅनवर वाघ दिसायला लागला. तोवर मी फक्त झाडं काढत होते.

त्या नजरेनं पाहिलं तर टायगर टेरिटरीत दाद देण्यासारखं बरंच आहे. उंची आहे. चढायला झाडं आणि ओंडके आहेत, आणि मांस वर टांगायचे उंच खांब आहेत. खाणं जमिनीवर आयतं पडलेलं नसतं. वाघाला मान वर करून अंदाज घ्यावा लागतो, अंग झोकावं लागतं. थंडीसाठी आतून गरम होणारे खडक आहेत. पोहायला तळं आहे, कारण सुमात्रन वाघ पाण्यातला गडी आहे. त्याच्या बोटांमधली कातडी पडद्यासारखी पसरते आणि त्याच्या मुलखात दलदलीची जंगलं आहेत. वरून छप्पर नाही, पोलादी दोऱ्यांची तलम जाळी उंच खांबांवर तंबूसारखी ताणलेली आहे. ऊन, पाऊस, कावळे, विमानं, सगळं वाघाला दिसतं. या जाळीवर माझा विशेष जीव. चकचकीत जाळी उन्हात लखलखते आणि डोळा तिच्यावरच अडतो. काळपट जाळी पाठीमागच्या झाडीत विरून जाते. आमच्याकडे नवीन मुलं आली की मी त्यांना आधी हे शिकवते.

वासाचा भाग फलकावर दिसत नाही, पण तो मोठा. वाघाचं अर्धं जग नाकात असतं. जगभरातले रखवालदार म्हणूनच पिंजऱ्यात मसाले टाकतात, दुसऱ्या प्राण्यांचं गवत टाकतात, अत्तरं शिंपडतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमध्ये बऱ्याच अत्तरांची परीक्षा घेतली तेव्हा कॅल्विन क्लाइनचं ऑब्सेशन मोठ्या मांजरांना सगळ्यात आवडलं. त्यात जवादी मांजराच्या कस्तुरीसारखा वास असतो. हे ऐकून बाबा जागच्या जागी थांबले. "तेच का, जे अवनीसाठी आणलं होतं?" तेच. २०१८ मध्ये यवतमाळात पांढरकवड्याच्या टी-वन, म्हणजे अवनी वाघिणीला शोधताना वनखात्यानं हेच अत्तर वापरलं, तेव्हा आमच्याकडच्या सगळ्या पेपरांनी ती बातमी चवीनं छापली होती. पुढे नोव्हेंबरात तिला गोळी घातली गेली. न्यूयॉर्कच्या पिंजऱ्यात जे अत्तर वाघाचा वेळ जावा म्हणून, तेच राळेगावच्या रानात वाघीण सापडावी म्हणून.

आम्ही पोचलो तेव्हा काचेपाशी गर्दी होती आणि वाघ नव्हता. एका बाबागाडीतलं मूल रडत होतं, त्याची आई त्याला 'टायगर झोपलाय' असं समजावत होती. बाजूचा एक गृहस्थ पैसे वाया गेल्याची भाषा करत होता. मला ताडोबाच्या मोहर्ली गेटची आठवण आली. तिथेही सकाळच्या फेरीनंतर परतणाऱ्या जिप्सींना सगळे एकच विचारतात: सायटिंग झालं का? झालं नसेल तर चेहरे असे, की जणू कुणी फसवलं. सांबर, गवे, अर्जुनाची झाडं, पहाटेचा थंड वारा हे सगळं फुकट मिळालेलं, ते जमेतच धरत नाहीत.

माझं म्हणणं हेच आहे, आणि मी ते व्यवसायातल्या बैठकीतही बोलून लोकांचा रोष घेतलाय: ज्या जागेत वाघ अधूनमधून दिसत नाही ती जागा बरी. न दिसण्याचा हक्क हीच खरी सोय. काच कितीही मोठी करा, झाडं कितीही लावा. वाघाला चारही बाजूंनी कायम कुणाच्या तरी नजरेत राहावं लागत असेल, तर तो पिंजराच, गज नसले तरी. आणि इथे अडचण पैशांची आहे. तिकीट काढलेला माणूस रागावून गेला तर परत येत नाही, आणि तो आला नाही तर सुमात्रात जाणारा पैसा आटतो. त्यामुळे आराखडा काढणारा मधला मार्ग काढतो: ऊबदार खडक काचेजवळ ठेवतो. वाघ आपण होऊन काचेशी येऊन बसतो, माणसं खूष, आणि वाघाला कुणी ओढून आणलेलं नसतं. ही लबाडी मला पटते. वाघाला उठून जाता येत असेल तोवरच.

बाबांनी काचेकडे पाहिलंच नाही. हात मागे बांधून ते बाजूनं चालत गेले, आधी जमीन पाहिली, मग सावली कुठे आहे ते पाहिलं, मग वारा कुठून येतोय ते. मग मला कोपरानं ढोसून म्हणाले, "बांबूच्या बुडाशी पाह्य. कान हालला." दोन मिनिटं मला काही दिसेना. मग पट्टे दिसले, आणि मग एकदम अख्खा वाघ; इतका वेळ कसा दिसला नाही असं वाटावं असा. सुमात्रन वाघाचे पट्टे दाट, जवळजवळ, रंग गडद, आणि नराच्या गालांवर केसांची झालर. बाबांचं पहिलं मत: "पोरगाच हाय अजून." नाही, पूर्ण वाढलेला. आज हयात असलेल्या वाघांत हे सगळ्यात लहान. नर शंभर ते एकशेचाळीस किलोंचा. आपल्याकडचा तगडा नर दोनशेच्या पुढे जातो. दाट, ओल्या जंगलात लहान अंग सोयीचं पडत असावं. बाबांनी पुन्हा पाहिलं. "लहान हाय, पण नजर तीच."

आता मेलाटीबद्दल. तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय या जागेबद्दल लिहिणं अप्रामाणिक होईल. ही वाघीण ऑस्ट्रेलियातल्या पर्थ झूमधून आली, तिचा जोडीदार जे जे अमेरिकेतल्या ॲक्रनहून. नवी जागा उघडली त्याच वर्षी, सप्टेंबर २०१३ मध्ये, तिला पिल्लू झालं. लंडन झूमध्ये सतरा वर्षांनी जन्मलेलं पहिलं वाघाचं पिल्लू. तीन आठवड्यांत ते त्याच नव्या तळ्यात बुडून मेलं. आईला बाहेरच्या जागेत जायची वाट मोकळी होती, ती पिल्लाला घेऊन गेली. माझ्या पेशातल्या माणसाला ही बातमी रात्री झोपू देत नाही. तळं मोठ्या वाघासाठी उत्तम होतं. काठ, खोली, उतार, सगळं. पण पिल्लाची उंची कुणाच्या चित्रात नव्हती. आमच्याकडे कठडा नसलेल्या विहिरीत रानडुक्कर पडलं, बिबट पडला अशा बातम्या दर उन्हाळ्यात असतात. "विहिरीला पायऱ्या नाही तं जनावर मरणारच," एवढंच बाबा म्हणाले. पुढे तळं पिल्लांसाठी सुरक्षित करण्यात आलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये मेलाटीला तीन पिल्लं झाली, ती तिन्ही जगली. २०१६ मध्ये आणखी दोन.

२००३ मध्ये ऑक्सफर्डच्या रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी 'नेचर'मध्ये एक निबंध छापला होता. मांसाहारी प्राण्यांपैकी ज्यांचा रानातला वावर जितका दूरदूरचा, तितक्या त्यांच्या बंदिवासातल्या येरझारा जास्त, आणि पिल्लं दगावण्याचं प्रमाणही जास्त. ध्रुवीय अस्वल यात सगळ्यात वाईट. म्हणजे पंचवीस आर की पन्नास आर, यानं मूळ प्रश्न सुटत नाही. रानात त्याचा पसारा कित्येक चौरस किलोमीटरांचा असतो.

आणि २०१९. जे जेला फ्रान्समध्ये पाठवलं, डेन्मार्कहून असीम नावाचा तरुण नर आणला. युरोपभरच्या प्राणिसंग्रहालयांतल्या वाघांच्या वंशावळी मांडून कुणाची जोडी कुणाशी, हे ठरवलं जातं. जवळच्या नात्यात जोडी जमू नये म्हणून. आमच्या लग्नाळू मावशा-आत्यांच्या वह्यांपेक्षा ही वही पुष्कळ काटेकोर असते. दोघांना आधी जाळीपलीकडून एकमेकांची ओळख करून दिली, वास घेऊ दिला. फेब्रुवारीत दार उघडलं, आणि असीमनं मेलाटीला मारलं. रखवालदारांनी भोंगे, फ्लेअर, आवाज, सगळं केलं. उपयोग झाला नाही.

बाबांना मी हे परतीच्या वाटेवर सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "जंगलात नर-मादी भांडतेच की. पण तिथं मादी पळून जाते ना." नेमकं. रानातली मादी नको असलेल्या नरापासून निघून जाते, नाला ओलांडते, दुसऱ्या डोंगरावर राहते. कितीही कल्पक आराखडा काढला तरी आम्हाला तो दुसरा डोंगर काढता येत नाही. पुढे असीमची जोडी गेशा नावाच्या वाघिणीशी जमली, आणि २०२२ मध्ये त्यांना पिल्लं झाली. त्याच असीमची. पिल्लांना असीमजवळ लोळताना पाहून मेलाटी आठवायची आणि तरीही पाहत राहावंसं वाटायचं. यातलं कोणतं एक खरं धरायचं, मला कळत नाही आणि मी तो हट्टही सोडलाय.

हे सगळं करावं का मग? मला विचाराल तर हो, पण मोठमोठे शब्द न वापरता. लंडनचे हे वाघ सुमात्रात जाऊन राहणार नाहीत. त्यांची नातवंडंही बहुधा नाहीत. ती एक राखीव गंगाजळी आहे, रक्ताची. खरी लढाई तिकडे चालू आहे. सुमात्रात रानातले वाघ किती, याचे अंदाज चारशे ते सहाशेच्या दरम्यान सांगितले जातात. हा आकडा आपल्याला कळावा म्हणून सांगते: २०२२ च्या गणनेत एकट्या महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. सुमात्रा बेट महाराष्ट्राच्या दीडपट मोठं. त्याच देशातल्या बालीचा वाघ गेल्या शतकाच्या मध्याच्या आसपास संपला, जावाचा त्यानंतर काही दशकांत. सुमात्राचा उरलाय तो केरिंची सेब्लात, लेउसेर, बुकित बारिसान सेलातान अशा जंगलांत, आणि त्यांच्या कडेकडेनं पाम तेलाचे मळे आणि कागदासाठीची बाभूळ सरकत येतेय. जंगलात तारेचे फासे लावलेले असतात. काही वाघासाठी, बरेचसे डुकरासाठी-सांबरासाठी, पण फासा कुठे विचारतो कोण आलंय. वनरक्षक पायी फिरून ते गोळा करतात. तिकिटातला वाटा त्या पायपिटीला जात असेल तर मला ते तिकीट महाग वाटत नाही.

बाबांना या भागात जास्त रस होता. तिथले गावकरी काय करतात, नुकसानभरपाई मिळते का, तेंदूसारखं काही वेचायला बाया जंगलात जातात का. रबराला जातात, मळ्यांत कामाला जातात, आणि कधीकधी वाघ मारतो, हे मी सांगितलं. तिथेही रानात वाघाचं नाव घेत नाहीत, आजोबा किंवा पूर्वज म्हणतात, हेही सांगितलं. बाबांनी मान डोलावली. ज्याच्यावरून ताडोबा हे नाव पडलं तो तारूही वाघाशी लढून मेला आणि देव झाला. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात जत्रा भरायची. वाघ ज्यांच्या दाराशी येतो ते त्याच्याशी नातं लावूनच राहतात, दुसरा इलाज नसतो. ज्यांच्या दाराशी येत नाही ते काचेवर टकटक करतात.

त्या टकटकीबद्दल एवढंच: मुंबईत राणीच्या बागेतही आता वाघ काचेतून बघता येतो. २०२० मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा तिथे आले. तिथे असो की इथे, काच आली की माणसाचा हात आपोआप उठतो. वाघानं आपल्याकडे बघावं असं सगळ्यांना वाटतं. त्यानं का बघावं, याचं उत्तर कुणाकडे नसतं.

तुम्ही कधी लंडनला आलात आणि जायचं ठरवलंत तर कॅम्डन टाउनहून चालत जा, किंवा २७४ नंबरची बस थेट दारात सोडते. सकाळी उघडल्या उघडल्या जा, आणि शक्यतो थंडीत. ऊन नसतं तेव्हा वाघ गरम खडकावर येतात. आधी पेंग्विन पूल बघा, मग वाघ. काचेच्या मधोमध उभं राहू नका, गर्दी तिथेच होते. कडेला जाऊन बांबूचे बुंधे आणि सावल्या बघत राहा. अर्धा तास द्या. आणि तिथल्या स्वयंसेवकांना प्रश्न विचारा, त्यांना आवडतं. बाबांनी मला दुभाषी करून एकच विचारला: ते खडक तापवायला रोज किती युनिट वीज जाते? त्या बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या वेळी याल तेव्हा सांगते म्हणाल्या. बाबा म्हणाले, "सांगा, सांगा. इन्सुलेशन बरोबर असलं तं जास्त नाही लागत."